पाटसच्या फाट्यावरून युरोप

ही गोष्ट २०२४ सालची. बारामतीत त्या साली आणखी पुष्कळ काही घडलं असेल, पण कऱ्हाकाठच्या नीलकमल सोसायटीत ते साल दोनच गोष्टींनी ओळखलं जातं. साखरबाईंनी कपडे धुण्याचं मशीन घेतलं आणि त्यात वर्षाचे पापड ठेवले, ते साल. आणि ननवरे नवराबायको युरोपला आधी गेले, मग आले, आणि शेवटी खरोखरच गेले, ते साल.

विजयमालाताई ननवऱ्यांची शेळगावात द्राक्षाची बाग. नवरा पाटबंधारे खात्यात, त्यामुळे बिऱ्हाड बारामतीत. पण बाग बघितली ती ताईंनीच. सकाळच्या यष्टीनं शेळगाव, संध्याकाळच्या यष्टीनं घरी, अशी त्यांची हयात गेली. बापूसाहेबांचा बागेशी संबंध एवढाच, की सातबाऱ्यावर नाव त्यांचं होतं आणि पाहुण्यांना बाग दाखवायचे तेही तेच.

लेक राजनंदिनी. ती पवनचक्क्या बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागली आणि कंपनीनं तिला स्पेनच्या उत्तर टोकाला, बास्क मुलखात पाठवलं. एके दिवशी तिनं फोनवर समुद्र दाखवला. समुद्राला लागून डोंगर, डोंगरावर द्राक्षाचे मांडव, अगदी शेळगावसारखे, आणि वरून पाऊस.

"अगं, पाऊस पडतोय की त्यांच्यावर!" विजयमालाताई ओरडल्या.

"हितं कायमच पडतो, आई. रिमझिम. ह्याच द्राक्षांची ते वाईन करतात. चाकोली म्हणतात तिला. समुद्राच्या कडेकडेनं गावोगाव वाईनची घरं आहेत, आपण हिंडत जायचं आणि चव बघायची. येताय का?"

चाकोली हे नाव बापूसाहेबांना माढा तालुक्यातल्या गावासारखं वाटलं. ताईंच्या कानात मात्र पुढचं काही शिरलंच नाही. त्या फोनमधल्या पावसाकडे बघत होत्या. द्राक्षवाल्या बाईला पाऊस म्हणजे काय, ते दुसऱ्याला सांगून कळत नाही. मांडवाखाली एक माणूस खिशात हात घालून निवांत उभा होता. घड भिजत होते आणि तो उभा होता!

"येतो," त्या म्हणाल्या. नवऱ्याला न विचारता घेतलेला हा त्यांचा पहिलाच निर्णय असावा. निदान उघडपणे घेतलेला.

बापूसाहेबांनी आखणी स्वतःकडे घेतली. उभा जन्म कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावण्यात गेलेला. त्यांनी सगळ्या वाईनघरांचं रीतसर पाळीपत्रक केलं. पाटाचं पाणी आधी शेवटच्या टोकाला द्यायचं आणि मग मुखाकडे यायचं, हा खात्याचा नियम; म्हणून आधी सगळ्यात लांबचं वाईनघर आणि मग उलटं मागे, असा दौरा ठरला.

"पप्पा, वाईन कालव्यातनं येत न्हाय," राजनंदिनी म्हणाली.

"तत्त्व तेच असतं," बापूसाहेब म्हणाले.

खरी अडचण निराळीच होती. वाईन चाखायची म्हणजे काय करायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. घरात दारूचा थेंब कधी आलेला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा बापूसाहेब आधी वास घेऊन मग पितात. तेव्हा पुतण्या इंद्रजित धावून आला. हा इंद्रजित शेळगावचा. फ्लेक्स छापायचं दुकान आणि पुढच्या ग्रामपंचायतीला उभं राहायची इच्छा, अशा दोन गोष्टी त्याच्याकडे होत्या आणि दोन्ही एकमेकींना पोसत होत्या. त्यानं फोनवर बघून शिकवलं: पेला गोल फिरवायचा, नाक घालायचं, घोट घ्यायचा, तोंडात खळखळवायचा आणि थुंकायचा.

"थुंकायचा?" विजयमालाताईंना पटेना. "लोकाच्या घरी जायचं, त्यानं प्रेमानं दिलेलं तोंडात घ्यायचं, आणि त्याच्याच दारात थुंकायचं?"

"काकी, तसा मान असतो तिथला."

मानाचा प्रश्न आल्यावर इलाज नव्हता. स्टीलच्या पेल्यात घरच्या द्राक्षांचा रस घेऊन दोघं मोरीशी सराव करू लागले. नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या साखरबाई विरजण मागायला आल्या. नवराबायको शेजारीशेजारी उभे राहून गुळण्या करतायत एवढं त्यांनी बघितलं आणि आल्या पावली परत गेल्या. संध्याकाळपर्यंत पाच घरांतून हळदीचं दूध आलं आणि एकीनं तर काढा पाठवला. शेवटी घसा ठीक आहे हे सांगताना युरोपची बातमी सांगावी लागली.

साखरबाई चार दिवस दुबईला जाऊन आलेल्या. परदेश या विषयावर सोसायटीत त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती.

"विजाबाई, मिरच्या न्ह्या. तितं जेवान सपक असतंय."

"तुम्ही दुबईला गेलात, साखरबाई. मी स्पेनला चालले."

"परदेश तो परदेश! आन् विमानात खिडकी मागून घ्या. आमच्या ह्यांनी मागितली न्हाय, मला समदी दुबई दुसऱ्याच्या डोक्यावरनं बघावी लागली."

विजयमालाताईंच्या लहानपणी छोट्या गाडीनं दौंडला जायचं तरी आदल्या दिवशी दशम्या व्हायच्या आणि स्टेशनवर अर्धी आळी पोचवायला यायची. गाडी एवढी सावकाश निघायची की माणसं रडत रडत बरोबर चालू शकायची. निरोपाची ती हौस अजून गेलेली नाही. फक्त तिला आता फ्लेक्स लागतो.

तो एका सकाळी इंदापूर रस्त्याच्या चौकात लागला. दोन मजल्यांएवढा. 'प्रगतशील द्राक्ष बागायतदार मा. बापूसाहेब (आबा) ननवरे यांची युरोप खंडाच्या वाईन अभ्यास दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध एक प्रचंड वाईनचा पेला आणि पेल्यातून छातीपर्यंत वर आलेले बापूसाहेब. खाली शुभेच्छा देणाऱ्यांच्या गोल फोटोंच्या तीन रांगा. तिसऱ्या रांगेत, सलूनवाल्याच्या शेजारी, कुणाच्या तरी लग्नातला, डोळे मिटलेला विजयमालाताईंचा फोटो.

"निवड कुणी केली रे?" ताईंनी विचारलं.

"मीच की, काकी."

"आणि मी शुभेच्छुक का? मी जातेय ना?"

"आबांच्या नावात तुमी आल्याच की!"

नरसिंहपूरची यष्टी त्या चौकातूनच जाते. दुपारी त्या यष्टीतून द्वारकाबाई उतरल्या. बापूसाहेबांच्या थोरल्या बहीण. सगळे त्यांना आक्का म्हणतात. नीरा आणि भीमा जिथं मिळतात तिथं त्यांचं घर, नरसिंहाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. एकादशीला पाणीसुद्धा तुळशीपत्र टाकून पिणाऱ्या. त्यांना 'द्राक्षाची बाग बघायला चाललोय' एवढंच सांगितलं होतं. बापूसाहेब पेपर तोंडापुढे धरून बसले. पेपर उलटा होता.

"बापू, चौकात तुझा फोटू बघितला."

"आक्का, ते पोरानं आपलं..."

"दारूच्या पेल्यात बसलायस."

"वाईन आहे ती, आक्का. फळाचीच असते."

"आसंल. फळाची आसंल न्हायतर फुलाची. माझं म्हननं येगळंच हाय." आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीन रांगा फोटू हायत. दाढी करनारा हाय, दूधवाला हाय. सख्खी थोरली भन न्हाय? मी मेले का रं?"

इंद्रजितनं फ्लेक्स उतरवून संध्याकाळी नवा लावला. आक्का पहिल्या रांगेत, पेल्याच्या बरोबर खाली आल्या. विजयमालाताईंचे डोळे तेवढे मिटलेलेच राहिले.

व्हिसाची फाईलही इंद्रजितनंच केली. राजनंदिनीनं सांगितलं होतं, की लेकीकडे चाललोय, फिरायला चाललोय, एवढंच लिहा. पण एवढंच लिहिणं इंद्रजितच्या स्वभावात नव्हतं. त्यानं ग्रामपंचायतीचं शिफारसपत्र जोडलं, शाल-श्रीफळाच्या सत्काराचे फोटो जोडले, आणि फ्लेक्सचाही एक फोटो जोडला. वर पत्र लिहिलं: 'जागतिक द्राक्ष तंत्रज्ञानाची देवाणघेवाण करणे हा दौऱ्याचा उद्देश आहे.' बापूसाहेबांनी ते वाचून मान डोलावली. आयुष्यभर लोकांना 'अजून एक कागद जोडा' म्हणणाऱ्या माणसाला कागद कधी जास्त होत असतात हे कसं ठाऊक असणार?

निघायच्या आदल्या संध्याकाळी पासपोर्ट परत आले. व्हिसा नामंजूर. कारण: प्रवासाचा हेतू स्पष्ट होत नाही.

विजयमालाताई तो कागद हातात घेऊन कॉटवर बसल्या. हेतू? त्यांना भिजलेली द्राक्षं बघायची होती. याहून स्पष्ट हेतू कुठला असतो?

"सकाळी सगळ्यांना सांगू," त्या म्हणाल्या.

"सांगू की," बापूसाहेब म्हणाले.

सकाळी दार उघडलं तर जिन्यात हलगी. बायका ओटी भरायला उभ्या, शेळगावची मंडळी टेम्पो करून आलेली. बापूसाहेब सांगायला म्हणून खुर्चीवर चढले. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या डोक्याला फेटा बांधला. आता फेटा बांधलेल्या माणसाला खरं बोलणं फार अवघड जातं. ते म्हणाले, "बंधू-भगिनींनो, या दौऱ्यात जे काही शिकेन, ते शेळगावच्या मातीत..." पुढची पंधरा मिनिटं ते त्या मातीतून बाहेर आले नाहीत. विजयमालाताईंच्या पदरात तोवर अकरा नारळ जमले होते. साखरबाईंनी हळूच मिरच्यांची पुडी दिली आणि त्यांना मिठी मारली. या मिठीनं मात्र ताईंना भरून आलं, आणि लोकांनी ते लेकीच्या ओढीचं धरलं.

गाडी इंद्रजितची. पाटसला हायवे लागतो. डावीकडे पुणं, विमानतळ, युरोप. उजवीकडे सोलापूर. फाट्यावर इंद्रजितनं गाडी थांबवली. व्हिसाचं त्याला वाटेतच सांगितलं होतं. मागून ट्रकवाला हॉर्न मारू लागला.

"आबा, कुठं घिऊ?"

"आक्काकडं," फेट्यातून आवाज आला.

गाडी उजवीकडे वळली.

आक्कांना आनंद झाला. भाऊ-भावजय दहा दिवस राहायला येण्याचा योग त्यांच्या आयुष्यात नव्हता. बापूसाहेबांना ओसरीवर यायची बंदी. इंद्रजित शेळगावातून रोज बापूसाहेबांच्या नावानं सोसायटीच्या ग्रुपवर द्राक्षांचे फोटो टाकत होता. एकदा घाईत त्यानं उंट असलेला फोटो टाकला, तेव्हा साखरबाईंनी लिहिलं, 'मी म्हटलं नव्हतं का, दुबईसारखंच असतं!'

लपायला जागा निवडताना एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. महिना श्रावणाचा होता. श्रावणातला शनिवार नरसिंहाचा, आणि त्या दिवशी निम्मा इंदापूर तालुका आणि पाव बारामती नरसिंहपुरात असते. आक्कांना हे ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

शनिवारी विजयमालाताईंना राहवेना. देवाच्या गावात राहून श्रावणी शनिवारचं दर्शन चुकवायचं? डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढून त्या आक्कांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या बाईच्या पिशवीतून नारळ घरंगळला. यांनी वाकून उचलून दिला. बाई वळली.

साखरबाईंनी पहिल्यांदा नारळाकडे बघितलं, मग पदराकडे, मग पदराखाली.

"अगं बया!" त्या म्हणाल्या. "परदेशातनं नरशिंपूरला कुठली यष्टी लागती गं?"

ताईंनी पदर आणखी खाली ओढला. साखरबाईंनी त्यांचा दंड धरला आणि दर्शनाची रांग सोडून त्यांना घाटाच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं. आक्का मागोमाग आल्याच. खाली दोन्ही नद्यांचं गढूळ पाणी एकमेकांत शिरत होतं.

"व्हिसा मिळाला नाही," विजयमालाताई म्हणाल्या. "हेतू स्पष्ट होत नाही म्हणाले."

"म्हंजी तुमी का चाललाय ते त्यास्नी कळलं न्हाय?" आक्का म्हणाल्या. "मला तरी कुठं कळलंय? सांग की."

ताईंना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नवऱ्यानं नाही, पुतण्यानं नाही, सत्काराच्या भाषणात नाही.

"आक्का, पाऊस आला की सगळ्या जगाला बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "पोरं नाचतात. मी मात्र बागेकडं धावते. एकेक तार धरून वेली हलवायच्या, घडातलं पाणी झटकायचं, नाहीतर डावणीचा रोग येतो, मणी कुजतात. आमची राजू पोटात होती, आठवा महिना, तरी झटकत होते. खिडकीत बसून पाऊस बघितलाय असा एक दिवस मला आठवत नाही. आणि तिकडं, राजूनं दाखवलं, घड भिजतायत आणि खाली माणूस खिशात हात घालून उभा. मला वाईनचं काही नाही हो. मला तो निवांत माणूस बघायचाय."

साखरबाईंनी नाक ओढलं.

"आन् हे लिवलंस का त्यांना?"

"इंद्रजितनं लिहिलं. जागतिक द्राक्ष तंत्रज्ञानाची देवाणघेवाण."

"त्या मेल्याच्या तोंडात माती!" साखरबाई उठल्याच. "सोताच्या तोंडानं सांग त्यांना. उठ!"

साखरबाईंनी दिलेला एवढाच एक सल्ला आजवर कामाला आलेला आहे. पण तो आला, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

दुसरं पत्र विजयमालाताईंनी स्वतः लिहिलं. घाटावर बोलल्या तेच, मराठीत. राजनंदिनीनं त्याचं इंग्रजी केलं. सोबत एकही फोटो नाही. व्हिसाच्या कार्यालयातून फोन आला आणि एका मुलीनं विचारलं, "आजी, तुम्ही परत याल याची खात्री काय?"

"पंधरा ऑक्टोबरला बागेची छाटणी आहे."

"ती दुसरं कुणी करू शकत नाही का?"

विजयमालाताईंनी समोर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. बापूसाहेब केळं उलट्या बाजूनं सोलत होते.

"नाही," त्या म्हणाल्या.

व्हिसा आला.

या खेपेला कुणाला कळवलं नाही. साखरबाईंनी एकटीनं, आवाज न करता, ओटी भरली. पाटसला गाडी डावीकडे वळली तेव्हा इंद्रजितनं उगाचच हॉर्न वाजवला.

तिथलं फार सांगण्यात अर्थ नाही, कारण बापूसाहेब सांगतातच. पाळीपत्रकाप्रमाणे ते शेवटच्या टोकाच्या वाईनघरात गेले. तिथला माणूस बाटली डोक्यावर धरून खालच्या पेल्यात धार सोडत होता, आणि कालव्याच्या माणसाला एवढ्या उंचीवरून एकही थेंब वाया न जाता पडणारं पाणी बघून गहिवरून आलं. थुंकायचं त्यांना ऐनवेळी जमलं नाही. तिसऱ्या वाईनघरात ते खुर्चीवर चढले आणि शेळगावच्या मातीचं भाषण त्यांनी तिथल्या मंडळींना संपूर्ण ऐकवलं. टाळ्या बारामतीपेक्षा जास्त पडल्या.

विजयमालाताईंना वाईन आंबट लागली, अगदी जानेवारीतल्या कच्च्या मण्यासारखी. त्या पेला ठेवून मांडवात गेल्या. समोर समुद्र, डोक्यावर घड, तोडणीला आलेले. आणि पाऊस आला.

निवांत उभं राहायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठीच तर आल्या होत्या. त्यांनी हात स्वेटरच्या खिशात घातले. दोन थेंब घडावरून ओघळले. तिसरा मण्याच्या देठाशी थांबला. एवढं बघितलं आणि पुढं काय झालं ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्यांनी वरची तार दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवली. मग पुढची. मग तिच्या पुढची. पदर खोचून त्या ओळीच्या ओळी झटकत सुटल्या. चव बघायला आलेल्या जर्मन पाहुण्यांना वाटलं हा तोडणीचा विधी असावा, म्हणून तेही तारा हलवू लागले. बागेची मालकीण, ताईंच्याच वयाची, गमबूट घातलेली, धावत आली. राजनंदिनीनं धापा टाकत तिला समजावून सांगितलं.

मालकीण हसली नाही. तिनं विजयमालाताईंचे ओले हात आपल्या हातांत घेतले, काहीतरी बोलली, आणि त्यांना मांडवाच्या कडेला नेऊन आपल्या शेजारी उभं केलं.

"काय म्हणाली गं?"

"म्हणाली, मलापण भीती वाटते. गारांची."

दोघी बराच वेळ खिशात हात घालून उभ्या राहिल्या.

पंधरा ऑक्टोबरला छाटणी झाली. पुढं इंद्रजित ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि पडला. त्याच्या फ्लेक्सवर एवढे फोटो होते की उमेदवार कोण ते मतदारांना सापडलं नाही. तो पेल्याचा जुना फ्लेक्स आक्कांच्या गोठ्यावर घातलेला आहे, पालथा, त्यामुळे पेल्यातले बापूसाहेब आता फक्त म्हशीला दिसतात. आक्कांना आणलेली वाईनची बाटली त्यांनी तुळशीपाशी रिकामी केली, धुतली, आणि तिच्यात देवाच्या समईचं तेल ठेवलं. बाटली फार चांगली आहे म्हणतात, गळत नाही. साखरबाई नव्या शेजारणींना आधी दुबई सांगतात आणि मग स्पेन, आणि ऐकणाऱ्याला दोन्हीकडे त्याच गेल्या होत्या असं वाटतं. विजयमालाताई कधीही मधे बोलत नाहीत. राजनंदिनी अजून तिकडेच आहे. बापूसाहेबांना आता कुठल्याही गोष्टीचा हेतू विचारला की राग येतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस बाग फुलोऱ्यात असताना अवेळी पाऊस आला. विजयमालाताई धावल्या, सगळी बाग झटकली. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या वेलीशी मात्र त्या थांबल्या आणि हात मागे घेऊन नुसत्या बघत राहिल्या. त्या एका वेलीवर डावणी आली, यायचीच होती. गडी म्हणाला उपटून टाकू. त्यांनी उपटू दिली नाही. ती वेल तिथंच आहे, तिला सगळे 'परदेशी' म्हणतात. पाऊस आला की सगळी बाग हलवून झाल्यावर ताई तिच्याखाली जाऊन उभ्या राहतात.